विनातारण

बँकेच्या कर्जाच्या अर्जात एक रकाना असतो. तारणाचा तपशील. माझ्या सबंध नोकरीत मी हा रकाना किती वेळा पाहिला असेल त्याची गणती नाही. जमीन, घर, दागिने, ठेवपावती, विम्याची पॉलिसी, काही ना काही तिथं लिहिलेलं असलं की साहेबाचा जीव भांड्यात पडतो. रकाना रिकामा असला की बाकीचा अर्ज लक्ष देऊन वाचण्याची तसदी सहसा कुणी घेत नाही. मीही घेत नसे.

१९८७ च्या उन्हाळ्यातली गोष्ट. सांगली जिल्ह्याच्या दुष्काळी पट्ट्यात एका लहान शाखेत मी होतो. एक दिवस दुपारी पंचवीसेक वर्षांचा एक तरुण टर्नर समोर येऊन उभा राहिला. त्याला जुना लेथ विकत घ्यायचा होता. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक वस्तू होती. त्यानं ती उलगडून माझ्या टेबलावर ठेवली. पंपाच्या पोटात फिरणारी पात्यांची चकती, म्हणजे इम्पेलर. ओतीव तुकड्यावर कातकाम त्यानं स्वतः केलेलं होतं. चकतीला तेल होतं आणि खाली माझे कागद होते. मी त्याला ती आधी उचलायला सांगितली. मग अर्ज पाहिला. सातबारा चुलत्याच्या नावावर, जामीनदार एकच आणि तोही मजूर, स्वतःचा हिस्सा भरायला पैसा नाही. अर्ज नामंजूर झाला. नियमाप्रमाणे झाला. तपासणीला आलेल्या कुणीही त्यावर कधी बोट ठेवलं नाही.

ही गोष्ट मी विसरूनही गेलो असतो. पण निवृत्त झाल्यावर लक्ष्मणराव किर्लोस्करांविषयी जुनी पुस्तकं, जुने अंक जमवून वाचायला लागलो, आणि वाचता वाचता एक विचित्र खोड लागली. या माणसाचा कर्जाचा अर्ज माझ्या टेबलावर आला असता तर मी काय केलं असतं, असं मी पानोपानी स्वतःला विचारू लागलो. उत्तर दर वेळी एकच येत होतं आणि ते काही भूषणावह नव्हतं.

किर्लोस्कर हे नाव आमच्या घरात दोन वाटांनी आलेलं. येरळेकाठच्या आमच्या गावी परड्यात आजोबांचा लोखंडी नांगर होता. ट्रॅक्टर आल्यावर तो भिंतीला टेकला तो कायमचाच. आणि माळ्यावर एका पत्र्याच्या ट्रंकेत आजीनं जपलेले ‘किर्लोस्कर’ आणि ‘स्त्री’ मासिकांचे अंक होते. नांगर आजोबांचा, मासिकं आजीची. ही दोन्ही एकाच वाडीतून, आमच्या गावापासून फार लांब नसलेल्या एका माळावरून आली, हे लहानपणी कुणी सांगितलं असतं तरी मला खरं वाटलं नसतं.

लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. मराठी संगीत रंगभूमीचे अण्णासाहेब किर्लोस्कर हेही याच गावचे आणि याच कुळातले. लक्ष्मणरावांच्या वडिलांचा ओढा वेदान्ताकडे. धाकट्या मुलाचं लक्ष मात्र पोथीत नव्हतं, ते होतं चित्रात आणि यंत्रात. पुस्तकी अभ्यासात त्याला गोडी नव्हती. अखेर थोरले भाऊ रामूअण्णा यांच्या आधारानं १८८५ च्या सुमारास तो मुंबईला गेला आणि जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकू लागला.

तिथं नशिबानं पहिला दणका दिला. काही काळानं लक्षात आलं की या मुलाला सगळे रंग नीट ओळखता येत नाहीत. रंगांधळा चित्रकार! चित्रकार होण्याचं स्वप्न तिथंच संपलं. दुसरा एखादा गाशा गुंडाळून घरी परतला असता. लक्ष्मणरावांनी रंग सोडले आणि रेषा धरली. यंत्रांच्या आराखड्याला रंग लागत नाहीत, लागते ती अचूक रेघ. त्या यांत्रिक आरेखनात ते तयार झाले आणि नव्यानंच निघालेल्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये हाच विषय शिकवणारे साहाय्यक शिक्षक म्हणून लागले. मुलांना शिकवता शिकवता तिथल्या यंत्रशाळेत स्वतः शिकले. इंग्रजी पुस्तकं समोर ठेवून यंत्रं खोलायची, पुन्हा जोडायची, हीच त्यांची पदवी. कागदावरची दुसरी पदवी त्यांच्याजवळ कधीच नव्हती.

मुंबईत त्या वेळी सायकली नव्यानं दिसू लागल्या होत्या. लक्ष्मणराव मुंबईत त्या विकत घेत आणि बेळगावला रामूअण्णांकडे धाडत. रामूअण्णा त्या विकत, वर गिऱ्हाइकाला बसायलाही शिकवत. १८८८ साली सुरू झालेल्या या दुकानावर किर्लोस्कर ब्रदर्स अशी पाटी लागली. आज जगभर पंप पाठवणारी कंपनी आपला जन्म याच सालापासून मोजते, तो असा सायकलीच्या दुकानापासून.

नोकरीत बढतीची वेळ आली तेव्हा लक्ष्मणरावांना डावलून ती एका युरेशियन गृहस्थाला दिली गेली. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि बेळगाव गाठलं. हा प्रसंग मी वाचला तेव्हा थोडा वेळ पुस्तक मिटून बसलो. बढती चुकल्यावर राजीनामा खिशात घालून आठवडाभर फिरलेले आणि मग तो गुपचूप फाडून टाकलेले सहकारी मी पाहिले आहेत. त्यांतला एक मीच होतो.

बेळगावात त्यांनी आधी कडबा कापण्याचं यंत्र केलं. मग त्यांचं लक्ष नांगराकडे गेलं. आपल्याकडचा लाकडी नांगर काळ्या रानात जमीन चिरत जातो, पलटी करत नाही. हरळी आणि कुंदा यांची मुळं खोल तशीच राहतात आणि पुढच्या पावसात पुन्हा वर येतात. विलायती लोखंडी नांगर माती उलथी करतो, मुळ्या उन्हात पडून वाळतात. पण तो परदेशातून यायचा आणि आपल्या बैलांच्या, आपल्या मातीच्या बेतानं केलेला नसायचा. लक्ष्मणरावांनी तसा नांगर इथंच घडवला. साल १९०३ च्या आसपासचं.

नांगर झाला, पण घेणार कोण? लोखंडानं जमिनीत विष भिनेल, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिला नांगर विकला जायला दोन वर्षं लागली. आपण आज त्या शेतकऱ्यांना हसतो. हसू नये. ज्याच्याजवळ एकच जमीन असते तो तिच्यावर प्रयोग करायला भितो, यात अडाणीपणापेक्षा हिशेब जास्त आहे. मी बँकेत बसून तेच करत होतो. लक्ष्मणरावांचा मोठेपणा असा, की त्यांनी शेतकऱ्याला मूर्ख ठरवलं नाही. नांगर सुधारत राहिले, रानात नेऊन चालवून दाखवत राहिले. डोळ्यांनी पाहिल्यावर शेतकरी घेऊ लागला.

धंदा जरा कुठं मार्गी लागतो तोच बेळगावच्या नगरपालिकेनं जागा खाली करायला सांगितलं. कारखाना होता तिथं शहराची नवी वसाहत व्हायची होती. शेड, भट्टी, यंत्रं, माणसं, एवढं सगळं उचलून जायचं कुठं?

इथं दुसरा माणूस गोष्टीत येतो. औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी. सातारा जिल्ह्यातल्या खटाव तालुक्यातलं औंध ही त्यांची राजधानी. संस्थान लहानसं आणि तेही तुकड्यातुकड्यांचं. एक तुकडा औंधला, एक आटपाडीला, एक कुंडलला. बाळासाहेब १९०९ च्या नोव्हेंबरात गादीवर आले. सूर्यनमस्कारांचे प्रचारक म्हणून आपल्या आजोबांच्या पिढीला ते माहीत होते, पण ते स्वतः चांगले चित्रकार होते. औंधच्या टेकडीवरचं त्यांचं चित्रसंग्रहालय अनेकांनी सहलीत पाहिलं असेल. यमाईच्या देवळाच्या सभामंडपाचं काम लक्ष्मणरावांनी केलं होतं, तेव्हापासून दोघांचा परिचय. एक रंग लाभलेला चित्रकार, एक रंग हुकलेला. दोघांचं जमलं यात नवल नाही.

बाळासाहेबांनी लक्ष्मणरावांना आपल्या संस्थानात बोलावलं. जागा दिली आणि भांडवलासाठी कर्जही दिलं. लक्ष्मणरावांनी जागा निवडली ती कुंडल रोड रेल्वे स्टेशनजवळची. स्टेशनाच्या नावापलीकडे तिथं काही नव्हतं. ओसाड माळ, निवडुंग आणि साप. पण पुणे-मिरज लोहमार्ग दाराशी होता. कच्चं लोखंड येणार आणि नांगर जाणार ते रुळांवरूनच, हे त्यांनी ओळखलं होतं.

आता माझ्या खोडीप्रमाणे हा अर्ज मी टेबलावर घेतो. अर्जदाराचं वय ४०. शिक्षण अपुरं. नोकरी सोडलेली. मुख्य मालाचा पहिला नग खपायला दोन वर्षं लागलेली. आधीच्या जागेतून उठवलेलं. नियोजित जागा निर्जन, पाण्याची सोय करायची, वस्ती उभारायची. तारणाच्या रकान्यात काय लिहायचं? जमीन देणाऱ्याची, पैसा देणाऱ्याचा. अर्जदाराकडून बेळगावहून आणलेली यंत्रं आणि तो स्वतः. मी हा अर्ज पाच मिनिटांत बाजूला ठेवला असता. बाळासाहेबांनी ठेवला नाही. राजा होते म्हणून त्यांना परवडलं, असं कुणी म्हणेल. पण राजे त्या काळी पुष्कळ होते. त्यांचे पैसे घोड्यांवर, मोटारींवर, विलायतच्या सफरींवर गेले. त्या रकमांना तरी कोणतं तारण होतं?

१० मार्च १९१० ही किर्लोस्करवाडीची जन्मतारीख. सुमारे २५ कामगार आणि त्यांची कुटुंबं घेऊन लक्ष्मणराव त्या माळावर उतरले. मार्चातलं आपल्याकडचं ऊन वाचकांना सांगायला नको. निवडुंग तोडायचा, साप मारायचे, निवारा उभारायचा आणि त्यातच भट्टी पेटवायची. पुस्तकांत कारखान्याचं वर्णन सविस्तर असतं. मला मात्र दिसतात त्या बेळगावसारखं गाव सोडून या उजाड जागी आलेल्या बायका. चूल कुठं मांडली असेल? पाणी किती लांबून आणलं असेल? मूल रात्री रडलं तर कंदील घेऊन दारात जाताना आधी जमीन न्याहाळली असेल. लक्ष्मणरावांच्या पत्नी राधाबाई त्यांच्यातच होत्या. थोरला मुलगा शंतनू तेव्हा सात वर्षांचाही नव्हता. वाडी उभी राहिली त्यात या बायकांचं भांडवल किती होतं, ते कुठल्याच खातेवहीत चढलेलं नाही.

त्याच काळात तिकडे साकचीला टाटांचं पोलाद नगर आकार घेत होतं. त्याच्यापुढं ही वाडी म्हणजे हत्तीपुढं शेळी. पण पश्चिम महाराष्ट्रातल्या एका खेड्याच्या अंगणात, नांगराच्या फाळावर, कारखान्याचं गाव उभं राहणं ही गोष्ट आपल्या मुलखात नवी होती.

गाव आखलं रामूअण्णांनी. रस्ते, घरं, झाडं, स्वच्छता, सगळ्यावर त्यांची नजर. बाकीची माणसं पाहिली तर मौज वाटते. शंभोराव जांभेकर हे हातानं वाटेल ते यंत्र दुरुस्त करणारे कारागीर. के. के. कुलकर्णी यांचं आधी कशातच बस्तान बसलेलं नव्हतं. इथं ते माल खपवण्यात वाकबगार झाले. मंगेशराव रेगे हिशेब सांभाळत. अनंतराव फळणीकर हे शिक्षण अर्धवट सोडलेले विद्यार्थी. त्यांच्यातून कल्पक यंत्रज्ञ निघाला. आणि रात्रीच्या राखणीला तुकाराम आणि पिऱ्या. दोघांच्या नावापुढे आडनावाच्या जागी जात लावायची तेव्हाची रीत, म्हणून कागदोपत्री ते तसेच राहिले आहेत. दोघंही तुरुंगवास भोगून आलेले. ज्यांच्यावर चोर म्हणून शिक्का, त्यांच्याच हाती वाडीची राखण दिली.

इंग्रज सरकारनं १८७१ साली कायदा करून जातीच्या जाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या होत्या, त्या काळातली ही गोष्ट. लक्ष्मणरावांनी यावर भाषणं दिली नाहीत. कंदील आणि काठी दिली. वाडीत शिवाशीवही पाळायची नाही, असा त्यांचा दंडक होता. पुढे तीस वर्षांनी याच औंध संस्थानात, आटपाडीजवळ स्वतंत्रपूरला, कैद्यांची बिनभिंतींची वसाहत झाली आणि गदिमांच्या लेखणीतून व्ही. शांतारामांच्या ‘दो आँखें बारह हाथ’मध्ये ती साऱ्या देशानं पाहिली. त्या प्रयोगाला लक्ष्मणराव कारण झाले असं मी म्हणत नाही. पण एवढ्याशा संस्थानात ही कल्पना आधी एका कारखान्याच्या फाटकावर उभी राहिली होती, हे सांगितल्यावाचून राहवत नाही.

पहिल्या महायुद्धात परदेशी नांगर येईनासे झाले तशी मागणी वाढली, पण कच्चं लोखंड आणि कोळसा मिळेना. कोळसा नाही तर लाकूड, असं करत भट्टी चालू ठेवली. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी गडावरच्या जुन्या, निकामी तोफा दिल्या. त्या वितळवून नांगर झाले. आमच्या परड्यातला नांगर पुष्कळ नंतरचा, तरीही लहानपणी मी त्याच्यात तोफ आहे असंच धरून चाललो होतो. मित्रांनाही तसंच सांगत असे.

१९२० साली किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड कंपनी झाली. उसाचे चरक, भुईमुगाच्या शेंगा फोडायची यंत्रं आणि पुढे पंप, असा माल वाढत गेला. कृष्णाकाठच्या गुऱ्हाळांत जुन्या माणसांनी हे चरक पाहिले आहेत. याच १९२० साली पुतणे शंकरराव, म्हणजे शंवाकि, यांनी ‘किर्लोस्कर खबर’ काढली. कारखान्याची माहिती देणारं ते पत्रक बघता बघता महाराष्ट्राचं ‘किर्लोस्कर’ मासिक झालं. १९३० साली ‘स्त्री’ आणि १९३४ साली ‘मनोहर’ त्याला येऊन मिळाली. नांगराच्या कारखान्याशेजारच्या छापखान्यातून पुनर्विवाह, अंधश्रद्धा, मुलींचं शिक्षण यांवरचे लेख घरोघर गेले. माझी आजी चौथीपर्यंत शिकलेली. तिच्या ट्रंकेतले अंक तिनं किती वेळा वाचले असतील, ते त्यांच्या कडांवरून कळतं.

मुलगा शंतनुराव अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूटमधून १९२६ साली इंजिनियर होऊन परतला आणि याच माळावर कामाला लागला. कुंडल रोड हे स्टेशनाचं नाव जाऊन किर्लोस्करवाडी झालं. चाळीसच्या दशकात हरिहरला यंत्रांचा, बंगळूरला विजेच्या मोटारींचा आणि पुण्याला तेलाच्या इंजिनांचा कारखाना निघाला. रोप माळावरचं, फांद्या दूर पसरल्या.

म्हणून वाडीत सगळं गोडच होतं असं मानायचं कारण नाही. जिथं मालक एक, घर त्याचं, रस्ता त्याचा, दिवा त्याचा, तिथं माणसाला कामावरून परतल्यावरही कामावर असल्यासारखंच वाटत असणार. शिस्त चांगली खरी, पण ती दुसऱ्यानं लावलेली. लक्ष्मणराव वडीलकीनं वागले, आणि वडीलकी कितीही मायेची असली तरी तिच्यापुढे बोलायला लहान माणूस बिचकतो. हे मी दोष म्हणून सांगत नाही, कारखान्याच्या गावाचा तो स्वभावच आहे.

आता पुढचं लिहायला मला जड जातं. पण ते गाळलं तर हा लेख खोटा ठरेल.

कुंडल हे क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारचं मोठं ठाणं. १९४२ नंतर हा सगळा मुलूख इंग्रजांविरुद्ध पेटून उठला होता. भूमिगतांना औंध संस्थानाचा आसरा होता. स्वातंत्र्य आलं आणि सहा महिन्यांच्या आत, ३० जानेवारी १९४८ ला, गांधीजींचा खून झाला. मारेकरी ब्राह्मण म्हणून सातारा, सांगली, कोल्हापूर भागात ब्राह्मणांची घरंदारं पेटवली गेली. जमाव किर्लोस्करवाडीलाही आला. कारखान्याला आग लावली. जो नांगर या मुलखाच्या मातीत ४५ वर्षं फिरला होता, त्याच्या कारखान्याचा धूर गावोगावच्या लोकांनी पाहिला.

लक्ष्मणराव त्या वेळी ७८ वर्षांचे होते. ज्या वयात माणूस केलेल्या कामाकडे बघत स्वस्थ बसतो, त्या वयात त्यांच्या वाट्याला राख आली. आमच्या गावातूनही काही माणसं त्या दिवसांत बाहेर पडली होती, असं मी मोठेपणी ऐकलं. कुठं गेली, काय केलं, हे कुणी कधी उघड बोललं नाही. आजोबांना मी एकदा विचारलं. ते उठून गोठ्यात गेले. त्यांच्या परड्यात नांगर किर्लोस्करांचा होता. त्या मौनात लाज होती की भीती, की दोन्ही, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

माणसांवर टाकलेला विश्वास इथं बुडीत गेला, असं कुणीही म्हणालं असतं. बँकेच्या भाषेत खातं अनुत्पादक झालं, टाळं लावा. शंतनुरावांचे कारखाने तोवर पुण्या-बंगळूरकडे निघालेलेच होते. वाडी कायमची सोडून जायला कारण होतं, सोयही होती. किर्लोस्करांनी तसं केलं नाही. राख उपसली, यंत्रं दुरुस्त केली आणि कारखाना त्याच माळावर, त्याच गावांच्या शेजारात, पुन्हा सुरू केला. कामाला आली ती पुन्हा आसपासच्याच गावांची माणसं. १९१० ला माळावर येणं धाडसाचं होतं. पण तेव्हा समोर नुसते साप होते. १९४८ नंतर तिथंच राहणं त्याहून अवघड होतं, असं मला वाटतं. पहिल्या वेळी विश्वास टाकताना अनुभव नसतो. दुसऱ्या वेळी असतो, आणि तरी टाकायचा असतो.

८ मार्च १९४८ ला औंध संस्थान विलीन झालं. १९४९ साली सातारा जिल्ह्याचे दोन भाग होऊन दक्षिण सातारा निराळा झाला, आणि १९६० साली त्याचं नाव सांगली जिल्हा ठेवलं गेलं. म्हणून आज औंध साताऱ्यात आणि किर्लोस्करवाडी सांगलीत दिसते. कर्ज देणारा एका जिल्ह्यात, घेणारा दुसऱ्या. बाळासाहेब १९५१ साली गेले. लक्ष्मणराव २६ सप्टेंबर १९५६ ला गेले. जन्मशताब्दीला, १९६९ साली, टपाल खात्यानं त्यांचं तिकीट काढलं. त्याच वर्षी जुलैत १४ बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं. लहान माणसाला, कारागिराला, तारण नसलेल्यालाही कर्ज मिळावं, हा त्यातला एक मोठा हेतू. त्या हेतूच्या आधारावरच माझ्यासारख्यांच्या शाखा खेड्यापाड्यांत निघाल्या. माझ्या टेबलावरचा तो अर्ज म्हणजे कुणी मागितलेली मेहेरबानी नव्हती. त्याच्यासाठीच तर ते टेबल तिथं होतं.

मागच्या हिवाळ्यात मी पुण्याहून सांगलीला रेल्वेनं निघालो. ताकारी गेलं. पुढचं स्टेशन किर्लोस्करवाडी. तिकीट सांगलीचं असूनही मी उतरलो. निवडुंग आता शोधावा लागतो. भोवताली ऊस आहे, द्राक्षं आहेत, मोठी झाडं आहेत. कारखान्यात आजही पंप होतात. फाटकाबाहेर पाळी बदलायच्या वेळेला तरुण मुलं मोटारसायकली काढत होती. चहाच्या टपरीवर बसून मी त्यांची बोटं बघत होतो. नखांच्या कडेला तेल बसलेलं असतं, ते साबणानं जात नाही.

मी सगळे अर्ज मंजूर करायला हवे होते, असं मी म्हणणार नाही. पैसा ठेवीदारांचा असतो, तो बुडवायचा हक्क मला नव्हता. लक्ष्मणरावांसारखा माणूस रोज अर्ज घेऊन येत नाही, हेही खरं. पण बाळासाहेबांनी जे केलं त्यात एक गोष्ट मला करता येण्यासारखी होती. त्यांनी आधी माणसाचं काम पाहिलं होतं. यमाईच्या सभामंडपाचं काम पाहिलं, मग कर्ज दिलं. माझ्यापुढेही काम आणून ठेवलेलं होतं, आणि मी ते कागद खराब होतात म्हणून उचलायला लावलं.

त्या तरुणाचं नाव आज मला आठवत नाही. तो पुढे कुठं गेला तेही ठाऊक नाही. कदाचित पुण्याला, कदाचित इचलकरंजीला, कदाचित याच फाटकातून आत. त्याची ती चकती मात्र डोळ्यांसमोर आहे. पाती सगळी सारखी उतरली होती आणि कडा हातानं, निगुतीनं घासलेल्या होत्या. ते मी तेव्हाही पाहिलं होतं.